बीटचा बारावा हिस्सा

रत्नागिरीत पियानो शिकवायचा म्हणजे पावसाळ्यात दमटपणाने फुगलेल्या पट्ट्यांशी झटापट ठरलेलीच. त्या दिवशी मात्र घोडं अडलं ते कागदावर. पोलिश संगीतकार शोपँचा ई मेजर प्रेल्यूड (छोटी पियानो-रचना), ओपस २८ या संचातला नववा, जेमतेम १२ बारचा (आवर्तनांचा). मधल्या आवाजात सलग ट्रिपलेट, म्हणजे एका बीटमध्ये (मात्रेत) तीन समान सूर; वर चालीत डॉटेड (टिंब दिलेला) क्वेवर, म्हणजे पाऊण बीटचा सूर, आणि उरलेल्या पाव बीटचा सेमीक्वेवर. विद्यार्थिनीने आणलेल्या पुस्तकात हा सेमीक्वेवर ट्रिपलेटच्या तिसऱ्या सुरानंतर छापलेला. माझ्या पुस्तकात त्या सुराच्या बरोबर वर.

"सर, कुठलं धरू?"

एका बीटचे १२ भाग केले, तर ट्रिपलेटचा तिसरा सूर ८ भाग संपल्यावर येतो आणि सेमीक्वेवर ९ संपल्यावर. फरक एकाच भागाचा, पण लार्गोच्या संथ लयीत तो स्वच्छ ऐकू येतो. तिचे वडील भजनात पखवाज वाजवतात. दोन्ही तऱ्हा वाजवून दाखवल्या तेव्हा डोळे मिटूनही त्यांनी लगेच वेगळ्या ओळखल्या.

मग हस्तलिखिताची छायाप्रत उघडली. मूळ प्रत वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिथे सेमीक्वेवरचं डोकं तिसऱ्या सुराच्या सरळ रेषेत उभं आहे. घाईत लिहिताना सरकलं असेल, असंही म्हणता आलं असतं. पण सूर उशिरा हवा तिथे शोपँने आधीच्या सुराला दुसरं टिंब (डबल डॉट) देऊन डेमीसेमीक्वेवर, म्हणजे सेमीक्वेवरच्या निम्मा सूर, लिहिलाय आणि तो उजवीकडे वेगळा बसवलाय. दोन लयी त्याला वेगळ्या हव्या होत्या, याहून मोठा पुरावा मला तरी नको. छपाईत सेमीक्वेवर गणिताप्रमाणे पुढे सरकवला की नेमका हाच भेद बोथट होतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेमीक्वेवर तिसऱ्या सुराबरोबर वाजवायचा हा नियम सरसकट लावू नकोस, हेही तिला बजावलं. बर्लिनच्या एकाच दरबारातल्या दोघा संगीतकारांचं यावर पटत नव्हतं: क्वांत्झने १७५२ मध्ये सूर नंतर वाजवा म्हटलं, सी. पी. ई. बाखने १७५३ मध्ये बरोबर वाजवा म्हटलं. बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाच्या पहिल्या भागात तो नंतरच वाजवावा, असं त्याचा शिष्य चेर्नी सांगतो.

तिच्या पुस्तकात सेमीक्वेवर आहे तिथे सगळीकडे त्याला तिसऱ्या सुराशी जोडणाऱ्या रेघा पेन्सिलीने मारून दिल्या. डबल डॉटच्या जागा तेवढ्या पुन्हा मोजायला सांगितल्यात. तिथे सूर साडेदहा भागांनंतर पडायला हवा.