बारा ते चारचा वॉच आणि मागे लागलेले पक्षी

ब्राझीलच्या सान्तोसहून जहाजात सोयाबीन भरून निघालो की बंदरातले कुरव पहिल्याच दिवशी परत फिरतात. पुढे काही दिवस नुसतं निळं पाणी. पस्तीस अंश दक्षिणेच्या आसपास हवेत गारवा येतो, बॉयलरसूटवर जॅकेट चढतं, आणि एखाद्या दुपारी जहाजाच्या मागे पहिला अल्बट्रॉस, लांब पंखांचा समुद्रपक्षी, दिसतो.

मी सेकंड ऑफिसर. दुपारचे बारा ते चार आणि रात्रीचे बारा ते चार माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. तेवढा वेळ ब्रिज, जिथून जहाज चालवतात ती जागा, माझ्याकडे. बारा वाजता नून रिपोर्ट पाठवायचा: किती मैल कापले, वेग किती पडला, किती तेल जाळलं. तो गेला की चार वाजेपर्यंत समोर समुद्र. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत नीट पहारा ठेवा. पक्ष्यांकडे बघू नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

ब्राझील ते केपचा, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचा, सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर दक्षिणेकडे वाकतो आणि दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्या बेटांच्या शेजारून जातो. पॅसेज प्लॅन, म्हणजे प्रवासाच्या मार्गाची आखणी, मीच करते, त्यामुळे त्या बेटांना भरपूर लांब ठेवायचं हे डोक्यात पक्कं. मार्च 2011 मध्ये ‘ऑलिव्हा’ नावाचं जहाज, आमच्यासारखंच सान्तोसहून सोयाबीन घेऊन सिंगापूरला निघालेलं, पहाटे तिथल्या नाइटिंगेल बेटावर सरळ जाऊन चढलं. माणसं सगळी वाचली. पण हजारो रॉकहॉपर पेंग्विन तेलाने माखले. उघड्या महासागरात, आजूबाजूला काही नसताना, एवढंसं बेट बरोबर समोर यावं! पण वॉचवर ‘इथे काय असणार’ असं वाटायला लागलं की असंच होतं.

त्याच बेटांवर पिवळ्या नाकाचा अल्बट्रॉस अंडी घालतो. काळ्या चोचीवर वरून पिवळी रेघ ओढल्यासारखी, दुर्बिणीतून स्वच्छ दिसते. वाँडरिंग अल्बट्रॉस मात्र वेगळंच प्रकरण. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत. ब्रिज विंगवर, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर, उभं राहिलं की कधी तो अगदी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, मान किंचित वळवून बघतो आणि पंख न हलवता मागे पडतो. मी घड्याळ लावून बघितलंय, मिनिटं जातात पण पंख फडफडत नाही. खांद्यातला एक कंडरा पंख उघडा अडकवून धरतो, त्यामुळे स्नायूंना फारसं काम नाही. बाकीचं काम वारा करतो. पाण्यालगत लाटांमुळे वाऱ्याचा वेग कमी, वर जास्त. हा वाऱ्यासमोर तोंड करून वर चढतो, वळतो, वारा पाठीवर घेऊन खाली घसरतो, पुन्हा तेच. आम्ही त्याच वाऱ्याशी झगडत टनांनी तेल जाळतो आणि बारा नॉट मिळाले तर कंपनीला आनंद.

पूर्वेकडे जाताना दर दोन-तीन दिवसांनी घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. तो तास झोपेतून जातो, त्यावर सगळ्यांची कुरकुर. पालेभाज्या संपून कोबी-बटाट्यावर आलो की भंडाऱ्याशी, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाक्याशी, सगळे जपून बोलतात, कारण रविवारची बिर्याणी त्याच्याच हातात.

माझ्या वॉचचे सुकाणी देवगडचे आहेत, मी त्यांना मामा म्हणते. जहाजावर येण्याआधी मासेमारीच्या बोटीवर होते. एका रात्री वॉच संपवून राउंडला गेले आणि लाइफबोटीखाली सापडलेलं एक पाखरू टोपीत घेऊन वर आले. जहाजाच्या दिव्यांना भुलून हे डेकवर पडतात आणि मग त्यांना उडता येत नाही. काळपट, चिमणीपेक्षा थोडं मोठं, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. चोचीच्या वर बारीक नळी. शरीरातलं जादा मीठ खारट पाण्याच्या रूपात बाहेर टाकतात ते तिच्यातून. पाय काडीसारखे, बोटांमधला पडदा पिवळा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. जेमतेम चाळीस ग्रॅमचा जीव, घरटं थेट अंटार्क्टिकाच्या खडकांत.

“ह्या पाखरू आमच्याकडेव येता मॅडम,” मामा म्हणाले. “नारळी पुनवेनंतर भायर गेलो काय होडीच्या मागसून पाण्यावर नाचत रवता.”

आणि ते खरंच आहे. दक्षिणेत हिवाळा लागला की हे उत्तरेला निघतात, त्यातले काही अरबी समुद्रात येतात, पावसाळ्यात आपल्या कोकणच्या समोरच असतात. मी डोंबिवलीची, पक्ष्यांची पुस्तकं वाचून शिकलेली. मामांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय वर्षानुवर्षं बघितलेलं. पाखरू रिकाम्या खोक्यात ठेवलं, डेकचे दिवे बंद केले आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने अंधारात सोडलं. मामा खोकं परत घेऊन आले; भंडाऱ्याला ते हवं होतं.

केप ओलांडून हिंदी महासागरात ईशान्येकडे वळलो की अल्बट्रॉस एकेक करून गळतात. इसीडिसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या, पडद्यावर नुसते अक्षांश बदलतात. मला आपण कुठे आलो ते मागे कोण उडतंय त्यावरून जास्त कळतं. जॅकेट कपाटात गेलं की लाल पायांचे बूबी, मासे पकडणारे समुद्रपक्षी, हजर. त्यांचा हिशेब सोपा आहे. जहाजाच्या पुढच्या टोकापुढून उडते मासे घाबरून निघतात, हे फोरमास्टवर, म्हणजे पुढच्या डोलकाठीवर, बसून वाट बघतात आणि मासा हवेत असतानाच झडप घालतात. कधी नेम चुकतो, तेव्हा मामा “गेलो!” म्हणून मोठ्याने हसतात.

सारंगाला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, मात्र बूबी अजिबात खपत नाहीत. पुढच्या दोन हॅचकव्हरना, म्हणजे मालाच्या कोठारांवरच्या झाकणांना, नुकताच रंग लावलेला, आणि रात्रभर फोरमास्टवर मुक्काम करून त्यांनी सकाळपर्यंत तो पांढरा केला. सारंगाने आधी आरडाओरडा केला, मग होजपाइपने पाणी मारलं, शेवटी कॅडेटला भोंगा वाजवायला पाठवलं. बूबी एक चक्कर मारून त्याच जागी येऊन बसले. इंडोनेशियातली सुंदाची सामुद्रधुनी येईपर्यंत रोज सकाळी हॅच धुणं कॅडेटच्या गळ्यात पडलंय.