हरायचं नाही, तर खेळायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. गोंडस प्राण्यांचे, निवांत प्लॅटफॉर्मर गेम, म्हणजे कठड्या-कठड्यांवरून उड्या मारत पुढे जायचे व्हिडिओ गेम, मी आवडीने खेळते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "त्यात मरायचं नाही, हरायचं नाही, मग खेळायचं तरी काय?"

उडी मारायची. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारत वर चढायचं होतं, तेव्हापासून या प्रकाराचा जीव उडीतच आहे. शत्रू, गुण, घड्याळ हे सगळं तिच्याभोवती रचलेलं. निवांत गेम त्यातलं बरंचसं काढून टाकतात आणि उडी उघडी पडते. ती कच्ची असली तर मग झाकायला काही उरत नाही.

चांगली उडी म्हणजे काय, ते अगदी जवळून बघा. तुमचं पात्र धावत कठड्याच्या टोकाशी येतं. पाऊल पुढे पडतं, खाली दरी, आणि तुम्ही बटण दाबता ते त्यानंतर. हिशेबाने उशीर झालेला असतो. तरीही उडी लागते, कारण कठडा सुटल्यावरही सेकंदाचा एक बारीकसा अंश गेम तुम्हाला जमिनीवरच धरतो. याला कोयोटी टाइम म्हणतात. तसंच, जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी दिली जाते. बटण टिचकीसारखं दाबा, छोटी उडी; दाबून धरा, उंच उडी. खेळताना यातलं काहीच दिसत नाही. आपल्याला जमतंय एवढंच जाणवतं. मला यात बनवणाऱ्याची माया दिसते. कोणीतरी बसून, माणसाचं बोट नेमकं कुठे चुकतं ते पाहून, ती चूक आधीच पोटात घातलेली असते. अवघड गेमही हे करतात. 'सेलेस्ट' त्यासाठी नावाजला जातो.

आणि प्राणी का, तर नुसते गोड दिसतात म्हणून नाही. प्राणी पाहिला की त्याचं अंग कसं चालेल याचा अंदाज येतो. १९९५च्या 'किर्बीज ड्रीम लँड २'मध्ये किर्बी या गोल गुबगुबीत नायकाला तीन सोबती मिळतात: रिक हा हॅमस्टर, कू हे घुबड आणि काइन हा मासा. रिक बर्फावरून घसरत नाही, कू वाऱ्याविरुद्ध उडतो, काइन पाण्यात सरसर पोहतो आणि जमिनीवर आला की थडाथड उसळत राहतो. कोणी समजावून सांगावं लागत नाही. बटणं तीच, पण सोबती बदलला की हातातली चालच बदलते.

त्याच वर्षीच्या 'योशीज आयलंड'मध्ये योशी हा छोटा डायनासोर पाठीवर बाळ मारिओला घेऊन फिरतो. उडी कमी पडतेय असं वाटलं की बटण दाबून धरायचं; तो हवेतच पाय झाडत, जिवाच्या आकांताने आणखी थोडा पुढे सरकतो. शत्रूचा धक्का लागला की बाळ बुडबुड्यात बसून रडत तरंगू लागतं आणि वर उलटे आकडे सुरू होतात. खड्ड्यात पडलं तर योशी मरतोही, हा गेम काही अगदी निर्धोक नाही. पण त्या धक्क्यानंतर मला माझ्या मरणाची आठवणसुद्धा नसते. बाळ रडतंय, ते आधी आणायचंय, बस्स. गेममध्ये इतकी खरी धावपळ मी फार थोड्या ठिकाणी केली आहे.

"लहान मुलांचे आहेत ना?" असंही विचारतात. हो, मुलांनाही खेळता येतात. किर्बीचा १९९२चा पहिला गेम मासाहिरो साकुराई यांनी नवख्यांसाठी म्हणूनच घडवला होता. नवख्या हातात नीट बसेल अशी वस्तू घडवणं मला जास्त कठीण वाटतं.

गोड चेहरे लावून आत सैल, लोळागोळा उडी ठेवलेले गेमही पुष्कळ आहेत. ते मी लगेच बंद करते.

ज्यांना एकच नाव हवं असतं त्यांना मी २०१९चा 'अ शॉर्ट हाइक' सांगते. अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांचा हा छोटासा गेम एका संध्याकाळीही संपतो. क्लेअर नावाची एक पक्षीण एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर आहे. एकेक सोनेरी पीस मिळालं की हवेत एक पंखफडक जास्त मिळते, कड्याला चिकटून जरा आणखी चढता येतं. पिसं संपली की हात सुटतो, पण पडून काही लागत नाही. पंख पसरले की ती तरंगत खाली येते, आणि बहुतेक वेळा अशा जागी उतरते जिथे आपण अजून गेलेलोच नसतो. तिथे कोणी हरवलेली वस्तू शोधत असतं, कोणाला शर्यत लावायची असते. माथा राहतो बाजूला.

तेव्हा खेळायला घेतलात तर थेट वर जाऊ नका. अर्ध्या चढावर थांबा, समुद्राकडे तोंड करा आणि मुद्दाम उडी टाका. कुठे उतरलात ते मला नक्की कळवा.