सँडईलचा रिकामा ड्रेज

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर डिसेंबरमध्ये सँडईल मोजायचे, तर ते पाण्यात शोधून उपयोग नाही. वसंतात हा बोटाएवढा चंदेरी मासा दिवसा थव्याने वर येतो, कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव) खातो आणि रात्री वाळूत शिरतो. उन्हाळा सरला की मुक्काम वाळूतच. अंडी घालायला डिसेंबर-जानेवारीत तेवढा बाहेर पडतो. म्हणून आम्ही दाती ड्रेज, म्हणजे वाळू खणून मासे पिशवीत गोळा करणारी दातांची चौकट, तळावरून दहा मिनिटे ओढतो.

त्या दिवशी ५० मीटर खोलीवर, एरवी भरघोस मिळणाऱ्या जागी, पहिल्या फेरीत चारच मासे आले. चारचा आकडा लिहून पुढे जाता आले असते. पण मासे कमी की ड्रेज चुकला, हे आधी ठरवायला हवे.

पहिला संशय वाळूवर. ग्रॅबने, म्हणजे तळाची वाळू उचलणाऱ्या जबड्याने, नमुना काढून ०.०६३ मिमीच्या चाळणीत धुतला. सँडईलला पाव ते दोन मिमी कणांची वाळू लागते. पुरून घेतल्यावर श्वास कणांमधल्या पाण्यातूनच घ्यायचा असतो. गाळाचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले की तो तिथे जवळजवळ सापडतच नाही. इथे धुवण जवळपास नितळ होते. जागा बरोबर होती.

मग पिशवी पाहिली. ड्रेज नीट खणत असेल तर शिंपल्यांचा चुरा, तारामासे येतातच. यात मूठभरही नव्हते. दातांत एक दगड अडकला होता आणि ड्रेज त्यावर उचलला जाऊन नुसता घसरत गेला होता. वायर आखूड सोडली तरी हेच होते, म्हणून तीही तपासली: खोलीच्या तिप्पट, १५० मीटर, ठीक होती.

दगड काढून शेजारच्या रेषेत पुन्हा ओढल्यावर अर्धी टोपली भरली. मोठ्या माद्यांची पोटे गाभोळीने टम्म होती. वाळूच्या टबात एक सोडला, तर पुढे आलेला खालचा जबडा खुपसून क्षणात नाहीसा झाला. कोकणात रापण ओढताना मुडदुशी अशीच वाळूत घुसते.

लांबी मोजली, वयासाठी डोक्यातले ओटोलिथ (कानातले बारीक खडे) काढले. त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले किती, यावर पुढचा अंदाज उभा राहतो. मार्च २०२४ पासून स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद आहे, कारण पफिन आणि किटीवेक या समुद्रपक्ष्यांची पिल्ले मुख्यतः यावर वाढतात. अशा माशाच्या अंदाजात दगडामुळे आलेला चारचा आकडा शिरू देणे मला घातक वाटते. पहिली फेरी खोडली नाही. ‘अवैध, दातांत दगड’ असे लिहून वहीत ठेवली.