‘फाल्यां मेळटलें’: एका ग्राफिक्स कार्डाचे तीन आठवडे

कार्ड घेऊन दोन महिने झाले, तरी पणजीच्या त्या दुकानासमोरून स्कूटर काढताना अजून डोकं तापतं. म्हणून लिहून टाकतो.

मी फोंड्याला राहतो. बंगले बांधायच्या आधी मालकाला दाखवायला थ्रीडी चित्रं लागतात, ती करून देतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. फाइलीतून शेवटचं चित्र काढायचं (रेंडर) काम कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड करतं. जुनं कार्ड जीटीएक्स 1660 सुपर, 6 जीबी मेमरीचं. चिऱ्याच्या भिंती, कौलं, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), पुढे स्विमिंग पूल आणि भोवती माड, हे सगळं एका फाइलीत आलं की ते बसकण मारायचं.

निवड दोघांत होती. आरटीएक्स 3060, 12 जीबी, 2021 सालचं. आरटीएक्स 5060, 8 जीबी, 2025 सालचं. मला सांगितलेले भाव 25,500 आणि 31,500. सहा हजार जास्त मोजून नवं घ्यावं का, एवढाच प्रश्न. ‘5060 टीआय 16 जीबीवालं घे’ असा सल्ला चौघांनी दिला. ते अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात होतं आणि चौघांपैकी कुणीच पैसे देणार नव्हता.

कागदावर 5060 चं पारडं जड. कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, जास्त, मेमरी नव्या जीडीडीआर7 जातीची, तिचा वेग सेकंदाला 448 जीबी. 3060 चा 360. वीजही कमी खातं, 170 वॉटऐवजी 145. (या 25 वॉटवर फार भाळू नका. रोज आठ तास धरले तरी वर्षाला सत्तर-पंचाहत्तर युनिटं वाचतात.) जाहिरातीतले ‘दुप्पट-तिप्पट फ्रेम’ मात्र माझ्या कामाचे नाहीत. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड स्वतः रचून फ्रेम घुसवतं, ते गेममध्ये चालतं. ब्लेंडरचं रेंडर त्याने एका सेकंदानेही लवकर होत नाही. भाचा गेम खेळतो, त्याला मी डोळे मिटून 5060 घ्यायला सांगितलं.

माझा अडसर मेमरीचा. 4096 बाय 4096 पिक्सेलचा एक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, कार्डात उघडला की 64 एमबी खातो, डिस्कवर त्याची जेपीजी केवढीही लहान असो. चिऱ्याच्या एका भिंतीला असे तीन-चार. तीस मटेरियल धरा आणि गुणाकार करा. माड मी चारच करतो आणि बाकीच्या प्रती त्यांनाच जोडून ठेवतो, त्यामुळे शंभर माड असले तरी मेमरीत चारच जातात. पण झावळी जवळून बघायची तर ते चारही जड असतात.

मडगावच्या मित्राकडे 4060 आहे, 5060 च्या आधीच्या पिढीचं, मेमरी तेवढीच, 8 जीबी. एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. दिवाणखान्याची फाइल, जिला माझ्याकडे अकरा मिनिटं लागायची, तिथे साडेतीनात झाली. मी मनात 5060 घेऊनही टाकलं. मग माडांची फाइल लावली. ‘सिस्टीम इज आऊट ऑफ जीपीयू मेमरी’. म्हणजे कार्डाची मेमरी संपली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तेवढ्यात वीज गेली आणि मित्राच्या आईने जेवायला बसवलं.

तर ठरलं, 3060, 12 जीबी. हा निर्णय एका आठवड्यात झाला. पुढचं सगळं दुकानाचं.

कोटेशन आलं, पाच हजार ॲडव्हान्स दिला. ‘फाल्यां मेळटलें,’ दुकानदार म्हणाला. उद्या मिळेल. दुसऱ्या दिवशी फोन केला, परत फाल्यां. आठवडाभर हेच. मग चवथ आली, गणेशचतुर्थी. गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधायच्या घाईत मीच चार दिवस फोन केला नाही. चवथ आटोपल्यावर विचारलं, तर म्हणे माल बेळगावला अडकलाय. दरम्यान दर दोन दिवसांनी त्याचा मेसेज, ‘5060 स्टॉकमध्ये आहे.’ ते बरं कुठे अडकत नव्हतं!

तिसऱ्या आठवड्यात ‘आलं, या’ असा निरोप. भर पावसात निघालो, बाणस्तारीच्या पुलावर रेनकोटच्या आत पाणी शिरलं. काउंटरवर खोका ठेवलेला. नाव बरोबर, आरटीएक्स 3060. उरलेले पैसे द्यायला फोन काढला आणि खोक्याचा कोपरा दिसला: 8 जीबी.

मला वाटलं, छपाईची चूक असेल. नव्हती. 3060 याच नावाने 2022 च्या शेवटी 8 जीबीचं कार्ड निघालं. नुसती मेमरी कमी नाही, तिचा रस्ताही अरुंद: 192 बिटऐवजी 128, म्हणजे वेग 360 वरून 240. नाव तेच. दुकानदार म्हणाला, ‘3060 च न्हय तें? मेमरीन कितें फरक पडटा?’ कोटेशन बघितलं, तर त्यात एकच ओळ, ‘आरटीएक्स 3060, 1 नग’. जीबीचा उल्लेख नाही. ही माझी चूक, आणि तीही पाच हजार देऊन केलेली.

ॲडव्हान्स परत मिळत नाही, पण 5060 घेतलं तर वळता करून देतो, असं तो म्हणाला. ‘नवें घे मरे, जुनें कित्याक?’ जुनं कशाला? पाऊण तास तिथे ओला उभा होतो. खरं सांगतो, जवळजवळ घेतलंच होतं. तीन आठवडे काम अडलेलं, मालक फोनवर फोन करत होता आणि सहा हजारांनी हा छळ संपणार होता. मला आवरलं ते मडगावच्या त्या एका ओळीने. शिवाय 5060 आठ लेनचं कार्ड. लेन म्हणजे मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा. माझा मदरबोर्ड जुना, बी450, पीसीआयई 3.0 चा, म्हणजे त्याच्या लेन नव्यांपेक्षा संथ. मेमरी भरून सामान रॅममधून ओढायची वेळ आली की ते त्या आठ लेनमधूनच येणार. 3060 ला सोळा मिळतात.

मग व्हॉट्सॲप वर-वर सरकवत गेलो. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, ‘12 जीबीच ना?’ खाली त्याचा अंगठा. तो अंगठा त्याच्यासमोर धरला. पैसे चार दिवसांनी परत आले, दोन आठवणी केल्यावर.

म्हापशाला दुसऱ्या दुकानात 12 जीबीवालं त्याच आठवड्यात मिळालं, तीनशे रुपये जास्त पडले. बिलावर ‘12 जीबी’ आणि सिरियल नंबर लिहून घेतला, भाव जीएसटीसकट आहे ना तेही विचारलं. पॉवर सप्लायचा खर्च मात्र आधी धरलाच नव्हता. माझा 450 वॉटचा होता. कंपनी या कार्डाला 550 सांगते, 5060 लाही तेवढाच.

स्वतःची फाइल घेऊन कुणाकडे जाता येत नसेल, तर घरीच विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली ‘डेडिकेटेड’ (कार्डाची स्वतःची) आणि ‘शेअर्ड’ (रॅममधून उसनी घेतलेली) मेमरी बघा. डेडिकेटेड भरून शेअर्ड चढायला लागली, की कार्ड अपुरं पडतंय. हे मला आधी माहीत असतं तर मडगावची फेरी वाचली असती. जेवण हुकलं असतं ते वेगळं.

माडांची फाइल नव्या कार्डावर 10 जीबीच्या जरा वर जाते, बसते. पहिलं चित्र मालकाला पाठवलं. उत्तर आलं, ‘माड काढा, पूल नीट दिसत नाही.’

हो, कॅबिनेटची आतली लांबी आधी मोजून घ्या. मला हार्ड डिस्कचा पिंजरा उचकटून काढावा लागला, हार्ड डिस्क सध्या तळाशी स्पंजवर ठेवली आहे.