हालचालीचा रकाना

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आजही त्या वहीशी अडले. पक्षाघात झाल्यापासून बाबांच्या उशाशी एक लांबडी वही आहे. तीत ताप, रक्तदाब, औषधं, किती पाणी गेलं, कूस कधी बदलली हे सगळं लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात हालचाल. बाकीचे रकाने आकड्यांनी भरतात. या एकाला शब्द लागतो.

मावशी तिथे रोज 'शांत' लिहितात. बाबा गाढ झोपलेले असोत नाहीतर टक्क डोळ्यांनी छताकडे बघत असोत, शब्द तोच. आज दुपारी ४ वाजता मी स्वतः बघितलं. जबडा आवळलेला, डाव्या मुठीत चादर पिळून धरलेली, बाकी अंगाची काही हालचाल नाही. याला शांत म्हणत नाहीत. मी तो शब्द खोडला. पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून पेन तसंच उघडं ठेवून बसून राहिले.

बाबांनी ३१ वर्षं मराठी शिकवलं. शाळेतून आल्यावर मी म्हणाले, 'बस थांबली होती म्हणून उशीर झाला', की ते विचारायचे, 'थांबली, अडली की खोळंबली?' थांबतो तो आपल्या मर्जीने. अडतो त्याच्या वाटेत काहीतरी येतं. खोळंबतो त्याला पुढे जायचंच असतं, पण ते दुसऱ्या कुणाच्यातरी हातात असतं. तेव्हा वैताग यायचा. भूक लागलेली असायची आणि इथे क्रियापदांची उलटतपासणी.

सुट्टीच्या दिवशी मी लोळत पडले की 'ऐदी' म्हणून हाक यायची. त्या शब्दाची गोष्टही त्यांनीच सांगितली होती. अकबराच्या पदरी अहदी नावाचे घोडेस्वार असत, कुणा सरदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे. रोजचं काम फारसं नाही, मान मात्र मोठा. त्यांचं नाव झिजत झिजत आळशी माणसाला चिकटलं.

एकूणच आपल्या भाषेत न हलण्याला नुसतं 'न हलणं' म्हणून कुणी सोडत नाही. ढिम्म म्हटलं की तो निगरगट्ट झाला. हातपाय गाळून बसला म्हटलं की धीर सुटला. दबा धरून बसलेलाही हलत नाही, पण त्याचं अंग न् अंग जागं असतं. न हलणारा का हलत नाही, त्याचा निकाल शब्दातच लागलेला असतो. म्हणून तर चुकीचा शब्द इतका लागतो.

काल फोनवर एका नातेवाइकांनी विचारलं, 'म्हणजे आता अंथरुणाला खिळलेच म्हणायचे?' बिचाऱ्यांनी काळजीनेच विचारलं. पण त्या शब्दात खिळा आहे. दर २ तासांनी आम्ही दोघी मिळून बाबांना कुशीवर वळवतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. खिळलेल्या माणसाला असं वळवता येतं का? मी फोनवर फक्त 'प्रकृती स्थिर आहे' म्हणाले. पहिल्या आठवड्यात दवाखान्यात याच शब्दाची आम्ही दारात उभं राहून वाट बघायचो. हलत नाही ही चांगली बातमी वाटावी, असे ते दिवस होते.

गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली, त्यामुळे उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. पहिले दोन आठवडे उजवा हात लुळा होता. उचलून सोडला की ओल्या कपड्यासारखा पडायचा. मी वहीत लिहिलं, 'उजवा हात, हालचाल नाही.' आता तोच हात कोपरात दुमडलाय, बोटं तळव्यात वळलीत, उघडायला गेलं की आतून विरोध करतो. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, बऱ्याच जणांना असं होतं, आधी स्नायू सैल पडतात आणि मग ताठरतात. दोन्ही वेळा वहीत माझं वाक्य एकच, 'हालचाल नाही.' मागची पानं उलटून बघितली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. लुळा हात आणि ताठर हात यांत महिनाभराचं अंतर आहे आणि मी ते एका वाक्यात पुसून टाकलं. रात्री बसून सगळी पानं दुरुस्त केली.

अंगठा तसूभर सरकतोय असं मला परवापासून वाटतंय. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, इंचाच्या आसपास. बोलताना आपण 'तसूभरही हलला नाही' असं नकारातच म्हणतो. बाबांचा अंगठा तर तसूपेक्षाही कमी सरकतो. वहीत लिहायला घाबरते. उद्या बाईंना दाखवून मगच लिहीन.

तर आजचा रकाना. संध्याकाळी वही घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. बाबांना आपलं बोलणं बरंचसं कळतं. म्हटलं, 'दुपारचं लिहायचंय, तुम्हीच सांगा.' आणि एकेक शब्द सावकाश वाचत गेले. निवांत? त्यांनी डोळे मिटून घेतले, ही त्यांची नाही म्हणायची पद्धत. निपचित? पुन्हा डोळे मिटले. स्तब्ध? यावर जरा वेळ घेतला. स्तब्ध आणि स्तंभ एकाच धातूतले, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण नाही. मग मी 'थांबले?' म्हटलं, 'अडले?' म्हटलं. भुवया नुसत्या आक्रसल्या, जणू माझ्याकडून अजून काही यायचं बाकी होतं.

'खोळंबले?'

डाव्या हाताने माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, बराच वेळ सोडलं नाही.

'शांत' खोडलेल्या जागेच्या वर बारीक अक्षरात लिहिलं: दुपारी ४ ते ५, खोळंबलेले. डोळे उघडे. डावी मूठ आवळलेली. सकाळी मावशींना वाचून दाखवायचंय, आणि रोज बाबांना आधी विचारून मगच लिहा असं सांगायचंय.

११ वाजत आले. कूस बदलायची वेळ झाली.