गोदाकाठची सकाळ
गेली काही वर्षे मी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास कॅमेरा घेऊन नाशिकच्या गोदाकाठी उभा राहतो, आणि ज्या पायऱ्या लहानपणापासून न पाहताच उतरत आलो, त्याच आता मला रोज नव्याने दिसतात. नारोशंकराच्या मंदिराचा काळा पाषाण टिपताना कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते. गडद दगडाला तो उजळवून राखाडी करतो. म्हणून मी प्रकाश मुद्दाम थोडा कमी ठेवतो, आणि मग कोवळे ऊन तिरपे पडले की कोरीव कामातील प्रत्येक खाच सावलीने भरून येते. दुपारी हेच शिल्प सपाट वाटते.

सर्वांत जास्त छायाचित्रे मात्र नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची आहेत. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. उन्हाळ्यात त्याच्याच आसपास गोधड्या वाळत असतात. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा नदीचे वर्ष मला प्रथमच सलग दिसले. गोधडी धुणाऱ्या एका आजींनी ती पाहून विचारले, "आमचा घाट इतका देखणा आहे होय रे?" दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक प्रत छापून दिली, त्यांनी ती पदराने पुसून पिशवीत जपून ठेवली.