ब्रेक दाबला की दिवा विझायचा

गेल्या हंगामात कारखान्यावर नंबरात उभं असताना मागं येणाऱ्या एका ट्रॉलीनं माझ्या ट्रॉलीचे मागचे दोन्ही दिवे फोडले. पुढं सगळा हंगाम तसाच काढला, सांगायला लाज वाटते. निपाणीजवळ हायवेला लागलं की पाठीमागून येणारा ट्रक बघून पोटात गोळा यायचा.

यंदा ऊस चालू व्हायच्या आधी नवे दिवे आणले. साधेच, आत १२ व्होल्टचा दोन फिलामेंटचा बल्ब: ५ वॅट टेलला, म्हणजे रात्री मागं सतत जळणाऱ्या लाल दिव्याला, २१ वॅट ब्रेकला. इंडिकेटरचा बल्ब वेगळा. ट्रॅक्टरला जोडायच्या ७ पिनच्या प्लगच्या वायरी रंग बघून जोडल्या. पिवळी डावं इंडिकेटर, हिरवी उजवं, लाल ब्रेक, काळी आणि तपकिरी टेलच्या. पांढरी, म्हणजे अर्थची (करंट बॅटरीकडं परत न्यायची), कुणीतरी प्लगपाशीच कापून टाकली होती. म्हटलं, सगळं लोखंडच आहे, हूकमधनं अर्थ येईल की.

रात्री लाइट लावली, दोन्ही टेल ठणठणीत. पोराला ब्रेक दाबायला सांगितला तर डावीकडचा लाल दिवा विझलाच, आणि त्याच बाजूचं पिवळं इंडिकेटर मिणमिणायला लागलं! दोनदा बल्ब बदलले, वायरी उलटसुलट केल्या. शेवटी गावातल्या वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी दिव्याकडं बघितलंच नाही, पत्र्यावर नख ओढलं.

"रंगावर नट आवळलास व्हय रं?"

डावा दिवा ज्या पट्टीवर आवळला, तिला मीच दसऱ्याला रंग मारला होता, त्यामुळं दिव्याला लोखंडाचा अर्थ मिळत नव्हता. अर्थ नसला की करंट दुसरी वाट शोधतो. टेलचा करंट त्याच बल्बच्या ब्रेकच्या फिलामेंटमधनं लाल वायरीत शिरायचा आणि उजव्या दिव्यातनं अर्थला जायचा, म्हणून टेल चांगली दिसायची. ब्रेक दाबला की लाल वायरीतच १२ व्होल्ट, ती वाट बंद. मग उरली इंडिकेटरच्या बल्बमधनं जायची वाट, म्हणून ते मिणमिणायचं. मामांनी लाइट बंद करून, नुसता ब्रेक दाबून मीटर लावला. बॅटरीच्या निगेटिव्हपासून डाव्या दिव्याच्या बॉडीपर्यंत ७ च्या आसपास व्होल्ट! तिथं जवळजवळ शून्य पाहिजे.

हूकचा भरवसाही त्यांनी काढून घेतला. पिनीला गंज, ग्रीस, आणि खड्ड्यात गाडी उडली की अर्थ तुटतंय. मग प्लगपासून नवी पांढरी वायर ओढली, दोन्ही दिव्यांना जोडली आणि चेसिसलाही एक बोल्ट दिला. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीन फासलं. मीटरवर ०.१. ब्रेकला दोन्ही दिवे भडक.

पहिल्याच खेपेला मात्र उसाचं पाचट लोंबून उजवा दिवा झाकलाच. आता भरल्यावर मागं जाऊन कोयत्यानं ते छाटतो, मगच निघतो.